दोनची बोट

"थेट बसने नको," तो म्हणाला. "सीमेच्या नाक्यावर अख्खी बस उतरवतात. एकाचा कागद अडला की चाळीस जण ताटकळतात."

"मग रेल्वे?" पोरीने विचारलं.

"रेल्वे पूल ओलांडून पलीकडे पोचते दीडला. तिथून धक्का तासाभरावर. बोट सुटते दोनला. तूच हिशेब कर."

बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे चौतीस वर्षं काढलेला माणूस तो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी वेळापत्रकं जिभेवर होती. लोक लग्नातसुद्धा त्याला बाजूला घेऊन गाड्यांच्या वेळा विचारायचे. आज मात्र त्याने तीन मार्ग तीनदा ताडून पाहिले होते आणि तरी चौथ्यांदा ताडत होता.

"शेअर टॅक्सीने नाक्यापर्यंत," तो अखेर म्हणाला. "पूल पायी. पलीकडे जे मिळेल ते. शिवाय टॅक्सीवाला नावांची यादी ठेवत नाही."

पोरीने मान हलवली. तिच्या पिशवीत दोन कपडे आणि एक पत्र होतं. बेटावरच्या हवामान केंद्रात निरीक्षकाची जागा. उद्या सकाळी नऊला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पुढची बोट थेट गुरुवारी.

टॅक्सीत सातजण कोंबले होते. त्याचे नवे बूट चावत होते. कडक इस्त्रीच्या सदऱ्याची पार रया गेली होती. खिशातला फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि आवाज बंद केला.

"घरून?" तिने हळूच विचारलं.

"हं. शोधाशोध सुरू झाली असेल."

"बाबा, परत फिरायचं का?"

"तुला फिरायचंय?"

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. "नाही," म्हणाली.

"मग विषय संपला."

नाक्यावर रांग मारुतीच्या शेपटीसारखी लांब होती. उन्हात दीड तास गेला. खिडकीतल्या अधिकाऱ्याने दोघांचे पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"मुलगी?"

"हो," तो म्हणाला. हा शब्द इतक्या सहज बाहेर पडेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

"आडनाव वेगळं आहे."

"मुलींची आडनावं एका जागी राहतात का, साहेब?"

अधिकारी हसला. "जावयाकडे पोचवताय वाटतं?"

"नोकरीवर पोचवतोय."

धाड धाड शिक्के बसले. पुलावरून चालताना बुटांनी त्याच्या टाचा सोलून काढल्या. ती पिशवी दुसऱ्या हातात घेऊन त्याला आधार द्यायला आली, तर त्याने तिलाच पुढे पिटाळलं. "माझी काळजी नको. पाय उचल!"

पलीकडे एकही टॅक्सी नव्हती. सगळ्या रेल्वेच्या उतारूंसाठी स्टेशनवर गेल्या होत्या. एक वाजत आला होता. चौतीस वर्षं दुसऱ्यांना रस्ता सांगणारा माणूस भर चौकात रस्ता चुकल्यासारखा उभा राहिला. तेवढ्यात कोपऱ्यावर एक टेम्पो दिसला. मागून पाणी टपटपत होतं.

"बर्फ कुठे नेताय?" त्याने धावत जाऊन विचारलं.

"धक्क्यावर. मासेवाल्यांना."

"आम्हाला न्याल? दोनची बोट गाठायचीय."

"बर्फ वितळायच्या आत मलाही पोचायचंय. बसा!"

चालक बडबड्या होता. वळणावर त्याची नजर पोरीच्या मनगटावरच्या पट्टीकडे गेली. "हाताला काय झालं, ताई?"

"दारात सापडला."

चालकाने बरं म्हटलं. पोरीशेजारी बसलेल्या त्याने मात्र मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. जे झालं ते त्याच्याच घरात झालं होतं, परवा संध्याकाळी, आणि तो शेजारच्या खोलीत बसून होता. आवाज ऐकूनही उठायला त्याला क्षणभर उशीर झाला होता.

धक्क्यावर पोचले तेव्हा दोनला सात मिनिटं होती. तिकीट खिडकीतल्या बाईने विचारलं, "दोन?"

"एक. फक्त जायचं."

बोटीवर चढायच्या फळीपाशी ती थबकली. समुद्रावरच्या वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रंग होता.

"तुम्हाला घरी काय काय ऐकून घ्यावं लागेल!"

"चौतीस वर्षं खिडकीत बसून शिव्या खाल्ल्या मी. चुकलेल्या गाड्यांच्यासुद्धा. आता काय नवीन ऐकायचं राहिलंय?"

ती हसली. मग तिने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. बोलायला गेली, पण भोंगा वाजला.

"पळ," तो म्हणाला. "आणि पहिल्या दिवशी हवा कशी होती ते कळव."

खलाशांनी फळी ओढून घेतली. बोट हलली. ती कठड्याशी उभी राहून हात हलवत होती, आधी हळूच, मग दोन्ही हात उंच करून, एखाद्या शाळकरी मुलीसारखी. तोही भान विसरून हात हलवत राहिला. शेजारचे दोन खलाशी बघून हसले.

बोट बंदराबाहेर पडल्यावर तो दगडी पायरीवर बसला. बूट काढले, वाऱ्यात पाय मोकळे सोडले. खूप दिवसांनी त्याला छाती भरून श्वास घेता आला. फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्याने उचलला.

"बाबा, आहात कुठे तुम्ही?" पलीकडून मुलगा ओरडत होता. "पाहुण्यांनी हॉल भरलाय, आणि नवरी सकाळपासून गायब आहे!"

"ओरडू नकोस," तो शांतपणे म्हणाला. "परवा संध्याकाळी मी शेजारच्याच खोलीत होतो. सगळ्यांना जेवायला घाल आणि घरी पाठव. तुझं लग्न मी मोडलंय."