पडण्याचा पहिला धडा

आई गेल्याच्या आठव्या दिवशी बाबांनी तिचं कपाट रिकामं केलं आणि लेकीला म्हणाले, "रडत बसून भागत नाही. विद्यापीठात जा, एखादा नवा खेळ शीक." स्वतः त्यांनी टिपूससुद्धा गाळला नव्हता. लेकीच्या ते जिव्हारी लागलं. पण त्या घरात बसवेना, म्हणून दोन महिन्यांनी तिने ज्युडोला नाव नोंदवलं.

पहिल्या दिवशी तिथे नुसतं पडायला शिकवतात. पडताना हात टेकायचा नाही, असं सर कानीकपाळी ओरडत होते, तरी तिने तो टेकलाच आणि मनगट टम्म सुजलं. सरांनी तिचा फॉर्म काढला, अडीअडचणीला कळवायचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकून बाकावर ठेवला आणि दोन्ही हातांनी बर्फ बांधायला घेतला.

तिची नजर नंबरावर गेली. शाळेपासूनच्या सवयीने तिने फॉर्मवर आईचाच नंबर लिहिला होता.

"सर, राहू द्या. तो फोन बंद असणार. दोन महिने तो कोणी चार्जिंगलासुद्धा लावला नसेल."

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

"मुलीच्या आईशी बोलायचं होतं," सर म्हणाले. "आहेत का?"

"नाही," बाबांचा आवाज आला, अगदी सहज. "ती जरा बाहेर गेलीय. काही निरोप असेल तर सांगा, आली की देतो."