शेवटच्या कडव्याआधी

डॉयलची बायको ओपल गेली त्या दिवशी टेकडीवरच्या शेडच्या दारावर लाल फडकं होतं. सकाळी तिनेच ते अडकवलं होतं. फडकं दिसलं की आत डॉयलचं गाणं रेकॉर्ड होतंय, दार वाजवायचं नाही, हे तिने साऱ्या खोऱ्याला पढवून ठेवलं होतं. शेजारच्या हॉबर्टकाकांच्या ओसरीवर शेंगा सोलता सोलता ती कोसळली, तेव्हा डॉयलला बोलवायला धावत आलेले काका दाराशी येऊन थबकले. गाणं संपल्यावर त्यांनी दार वाजवलं. दोघं टेकडी उतरून पोचले, तोवर सगळं संपलं होतं.

आता डॉयलचा अल्बम निघाला होता. त्याचीच गाणी, त्याचाच आवाज, त्याचीच गिटार. सोबत दुसरं कुणी नाही. रविवारची प्रार्थना आटोपल्यावर चर्चच्या तळघरात सगळ्यांनी तो लावला. टेबलावर मक्याचा पाव होता, बीन्स होते.

“एवढा गळा दिलाय देवाने, आणि मेला प्रार्थनेला नुसते ओठ हलवतो,” हॉबर्टकाकांची बायको एडना म्हणाली. सगळे हसले. डॉयलही हसला.

मग शेवटचं गाणं लागलं. ते ओपलवर होतं, ती असतानाच केलेलं. शेवटच्या कडव्याआधी गिटार थांबली आणि त्या शांततेत बूट वाजले. लाकडी फळ्यांवरून घाईघाईने आले, थांबले. मग डॉयलचा आवाज उठला. आधीच्या एकाही कडव्यात तो इतका हळवा नव्हता.

“ती पावलं ऐकून काटा येतो बघ अंगावर,” पाद्री म्हणाले. “शहरातल्या पेपरानेही लिहिलंय. सुचलं कसं रे तुला?”

डॉयलने पावाचा तुकडा मोडला. ओपल गेल्यानंतर त्याने ते गाणं पुन्हा गाऊन पाहिलं होतं. तसं जमलं नव्हतं. म्हणून हेच ठेवलं.

हॉबर्टकाका ताट तसंच टाकून वर गेले. डॉयल मागोमाग गेला. काका बाहेर पायरीवर बसले होते.

“माझेच ना रे ते बूट?”

“हो.”

“एडना ओरडत होती, पळा, ती त्याचं नाव घेतेय. आणि मी खुळा त्या फडक्याकडे बघत उभा. अख्खं कडवं होईपर्यंत.”

“काका, अहो...”

“तू कशाला मान खाली घालतोस? तुझ्या कानांवर ती झाकणं. तुला बिचाऱ्याला कुठून ऐकू येणार?”

माइकमध्ये शिरलेलं सगळं हेडफोनमध्ये येतं. ते बूट डॉयलला अगदी कानाशी वाजल्यासारखे ऐकू आले होते. कुणीतरी धावत आलंय, हेही कळलं होतं. पण आवाज लागला होता. एवढं कडवं होऊ दे, असं त्याच्या मनात आलं होतं.

“माफ केलंस ना पोरा मला?”

“हो काका,” डॉयल म्हणाला.

काकांनी त्याचा हात घट्ट धरला. खाली कुणीतरी तेच गाणं पुन्हा लावलं. बूट आले आणि थांबले. काकांनी डोळे मिटून घेतले.

आपल्याला ऐकू आलं होतं, हे त्यांना सांगायचं डॉयलचं अजून राहिलंच आहे.