डावखुरी

"अहो साहेब, जर्मनीत दुकानदाराने फक्त माझं वय पाहिलं आणि एअर रायफल हातात दिली," विमानतळावर मामा कस्टमच्या अधिकाऱ्याला सांगत होता. "भाची नेमबाज आहे, डावखुरी. क्लबकडे डाव्या हाताची रायफल नाही."

"मग जर्मनीतच फुगे फोडा. इथे परवाना लागतो," म्हणत त्याने रायफलची पेटी ठेवून घेतली.

परवान्याचा अर्ज टेबलं फिरत राहिला. तोवर प्रशिक्षकांनी भाचीला, शलाकाला, क्लबच्या रायफलवर उजव्या हाताने तयार केलं. वर्षभराने निवड चाचणीत ती शेवटची आली.

त्यानंतर पेटी सुटली. "घे गं, आता दाखव त्यांना!" मामा म्हणाला.

शलाकाने रायफल डाव्या खांद्याला लावली आणि नव्या सवयीने डावाच डोळा मिटला. नेम धरायच्या छिद्रातून समोरचं लक्ष्य तिला दिसेना.