उलटा बेतलेला प्रवास

शिंपीणबाईंनी दुकानाची सगळी कापडखरेदी पाच वर्षं एकाच कार्डावर केली होती, विमानाचे पॉइंट साठवून परदेशातल्या लेकीकडे जायचं म्हणून. आज तिकीट काढायला बसल्या, तर फुकटच्या तिकिटावरचा करच बघून त्यांचे डोळे पांढरे झाले. “राहू दे गं आई, पुढच्या वर्षी बघू,” फोनवर लेक हिरमुसली. “थांब जरा!” कापड पुरेनासं झालं, की ते उलटसुलट फिरवून बेतायचं, ही बाईंची जुनी सवय. त्यांनी प्रवासच उलटा फिरवला: तिकीट लेकीचं, तिकडून इकडे आणि परत. पॉइंट तेवढेच, पण प्रवास तिकडून सुरू होत असल्यामुळे कर निम्म्याहून कमी! बाईंनी पटकन कराचे पैसे भरले. “अगं, मी येत नाही, तूच येतेस!” पलीकडून आनंदाची किंकाळीच आली. प्रवासासाठी आधीच भरून ठेवलेल्या बॅगेतून तिच्यासाठी अंदाजाने शिवलेला ड्रेस काढून बाईंनी हसतच उसवायला घेतला. आता माप लेकीच्या अंगावरच घेता येणार होतं.