तिरक्या पट्ट्यांची झडप

पुंडलिक मेस्त्रींनी शरयूबाईंच्या ओटीवर दोन नमुने मांडले. एक सरकत्या काचेची खिडकी, दुसरी तिरक्या पट्ट्यांची लाकडी झडप.

“काचेचीच लावा, बाई. बंद केली की रस्त्यावरचा आवाज आत येत नाही.”

“आणि आतला बाहेर?”

“तोही नाही.”

टोरांटोहून मुलानेही काचच सुचवली होती. पण गेल्या महिन्यात आपण न्हाणीघरात घसरून पडलो, हे शरयूबाईंनी त्याला कळवलं नव्हतं. दोन तास हाका मारल्यावर रस्त्याने जाणाऱ्या मासेवालीला ऐकू गेलं होतं. नवरा जाऊन चार महिने झाले होते. घरात ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

“लाकडीच बसवा,” त्या म्हणाल्या.

आठवड्याभरात झडपा बसल्या. शरयूबाईंनी मेस्त्रींना रस्त्यावर उभं केलं, झडपा लावून घेतल्या आणि न्हाणीघरात गेल्या. तिथून हाक मारायची, ती बाहेर पोचते का ते पाहायचं, असं ठरलं होतं. पण हाक कोणाला मारायची, तेच त्यांना सुचेना. “मेस्त्री” म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने भलतंच बाहेर पडलं.

“अहो!”

“ओ!” बाहेरून लगेच उत्तर आलं. “ऐकू येतंय, बाई!”

शरयूबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. आता बाहेर जायला हवं होतं, मेस्त्रींना चहा द्यायचा होता. पण त्यांनी डोळे मिटले आणि जरा हळू आवाजात पुन्हा हाक मारली.