पायडल न दाबता

साच्यावर पत्रा ठेवून शेवंताने हात मागे घेतला आणि तेवढ्यात प्रेसचा दट्ट्या धाडकन खाली आला. तिने अजून पायडल दाबलंच नव्हतं. आपली बोटं जागेवर आहेत हे पटायला तिला ती दोनदा हलवून पाहावी लागली. मग तिने लाल बटण दाबून मशीन बंद केलं.

शिफ्ट संपायला दहाच मिनिटं उरली होती. ती गप्प राहिली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. पण दुसऱ्या पाळीची नसीम डबा ठेवून त्याच मशीनकडे येत होती.

"दट्ट्या आपोआप खाली येतोय," शेवंता सुपरवायझर घुलेंना म्हणाली.

"लागलं का कुणाला?"

"नाही."

"मग चालू करा. आज माल जायचाय."

मागे तक्रार करणाऱ्या एका बाईला त्यांनी झाडलोटीला लावलं होतं. तरी शेवंता मशीनपुढून हलली नाही.

"साहेब, आधी तुम्ही एक पत्रा लावून दाखवा."

घुले चिडून पुढे आले. त्यांनी मशीन चालू केलं, पत्रा उचलला आणि साच्याजवळ नेलेला हात तिथेच थांबला. बराच वेळ ते वर दट्ट्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी पत्रा खाली ठेवला, मेन स्विच बंद केला आणि मेंटेनन्सला फोन लावला.

"काय झालं गं?" नसीमने विचारलं.

शेवंता नसीमचे दोन्ही हात घट्ट धरून तशीच उभी राहिली.