घाटावरची जखीण

“पदर राहू द्या तसाच, आई. तिथं फोटो नाही काढणार, नुसता आवाज घेणार आहेत,” श्रद्धा रिक्षात पुन्हा एकदा म्हणाली.

“आवाज द्यायचा म्हणून काय कसंबी जायचं?” द्वारकाबाईंनी नव्या साडीचा पदर आणखी एकदा चापूनचोपून घेतला. “आनी तुला गं काय झालंय? तोंड उतरलंय.”

“काही नाही, आई. तुम्ही कशाला काळजी करता?”

पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेला श्रद्धाचा नवरा मनोज खुशीत होता. आईचा आवाज मोबाइलच्या खेळात येणार म्हणून त्याने खोपोलीच्या कंपनीतून खास सुट्टी काढली होती. रिक्षा कडाव सोडून दहिवलीच्या दिशेने निघाली होती.

श्रद्धा मोबाइलवरच्या एका गोष्टीरूप खेळासाठी पात्रांची चित्रं काढायची. या खेळात एक जखीण होती. घाटमाथ्यावर बसून ती वाटसरूंना पाणी पाजायची आणि मग गिळायची. श्रद्धाने तिला शिंगं दिली, निळी कातडी दिली, पण चेहरा काही केल्या जमेना. एका दुपारी भांडी नीट घासली नाहीत म्हणून सासूबाई बोलल्या. श्रद्धा “बरं, आई” म्हणून आत आली आणि संध्याकाळच्या आत जखिणीचा चेहरा तयार झाला. एक भुवई वर चढलेली, खालचा ओठ पुढे, हनुवटीवर गोंदण. खेळाचा दिग्दर्शक यज्ञेश चित्र बघूनच खूश झाला.

इथवर ठीक होतं. पण पुढच्याच आठवड्यात यज्ञेश कामासाठी कडावला आला, तेव्हा द्वारकाबाई दारात भाजीच्या टेंपोवाल्याची खरडपट्टी काढत होत्या. यज्ञेश चपला काढायचं विसरून ऐकत राहिला. जखिणीसाठी त्याने मुंबईचे दोन चांगले कलाकार नापास केले होते.

“हाच आवाज पाहिजे मला,” तो म्हणाला, आणि श्रद्धाचा जीव टांगणीला लागला.

तिने त्याला फोन करून पाहिला. “चित्र न दाखवता नाही का होणार?”

“चित्र समोर नसेल तर आवाज लागणार कसा?”

“मग भुवई थोडी बदलते.”

“भुवईला हात लावायचा नाही. तिच्यातच तर सगळी मजा आहे.”

तसं पाहिलं तर द्वारकाबाई वाईट नव्हत्या. बोलायच्या, पण मनात ठेवायच्या नाहीत. श्रद्धाला काम करायला घरातली सगळ्यात उजेडाची खोली त्यांनीच रिकामी करून दिली होती आणि स्वतःची खाट ओटीवर हलवली होती. म्हणून तर श्रद्धाला जास्त लाज वाटत होती. लग्न झाल्यापासून तिने घरात एकदाही आवाज चढवला नव्हता, उलट उत्तर दिलं नव्हतं. आळीतल्या बायका आपापल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. सासूबाईंनी ते चित्र ओळखलं तर या सगळ्यावर पाणी फिरणार होतं.

यज्ञेशचा स्टुडिओ म्हणजे त्याच्या दहिवलीतल्या फ्लॅटची आतली खोली होती. भिंतींना गाद्या लावल्या होत्या आणि मधोमध माइक होता. समोरच्या मोठ्या पडद्यावर जखीण बसली होती. श्रद्धाने चित्र काढलं होतं वीतभर, इथे ती दारापेक्षा मोठी दिसत होती.

द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

“ही खाते काय?” त्यांनी विचारलं.

“माणसं, काकू,” यज्ञेश म्हणाला.

“तरीच असं तोंड झालंय.” मग त्या सुनेकडे वळल्या. “पन काढलीयस झ्याक गं. गोंदण कसं सुबक हाय.”

द्वारकाबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पाणी मागून घेतलं. ओळखलं नव्हतं. माणूस आरशात स्वतःकडे अशा नजरेने बघतच नाही, असं श्रद्धाने मनाशी ठरवून टाकलं आणि तिला एकदम हलकं वाटलं.

यज्ञेशने वाक्य समजावलं: जखीण दमलेल्या वाटसरूला थांबवून पाणी देऊ करते. द्वारकाबाईंनी ते टेंपोवाल्याला झापावं तसं ठणकावून म्हटलं. मनोजने हौसेने टाळ्या वाजवल्या.

यज्ञेशने मात्र मान हलवली. “जोरदार झालं, काकू. पण भीती नाही वाटली. ही ओरडत नाही. ओरडणाऱ्या बाईला कोण भितंय?”

“ते बाकी खरं हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग मान किंचित खाली घातली, हात पुढे जुळवून धरले आणि अगदी हळू, नम्र, एका पट्टीत बोलल्या, “दमलास ना? बस हं. मी आणते पाणी. तू कशाला उठतोस? मी आहे ना.”

शब्द सगळे मायेचे होते आणि ऐकणाऱ्याला वाटत होतं, इथून पळावं. एरवी हाय-नाय करणाऱ्या बाईच्या तोंडून इतकं शुद्ध, इतकं थंड बोलणं कसं आलं, हे श्रद्धाला कळेना. आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटत होता, पण कुणाचा ते ध्यानात येईना. तिने मनोजकडे पाहिलं. तो मान खाली घालून मोबाइल बघत होता आणि मोबाइल बंद होता.

“काकू, अंगावर काटा आला,” यज्ञेश म्हणाला. “हाच घ्यायचा. पण हा आवाज सुचला कसा तुम्हाला?”

द्वारकाबाईंनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“सुनेनं तोंड माझं काढलं,” त्या म्हणाल्या, “मंग मी आवाज सुनेचा काढला.”